किडलेल्या झाडावर कुऱ्हाड किंवा औषध चालवण्याआधी : खानदेशातल्या वनातील आणि सावलीच्या झाडांसाठी कायद्याचे शब्द व कामाचा क्रम

खानदेशात बांधावरच्या आंब्याला भिरूड (खोड पोखरणारी कीड) लागलं, सोसायटीतला कडुनिंब शेंड्याकडून वाळला किंवा सागाची पानं जाळीदार झाली, की कुणी कृषी सेवा केंद्रातून जहाल औषध आणतं, तर कुणी मजूर लावून झाड आडवं करतं. चूक बहुतेक वेळा हेतूत नसते, क्रमात असते. जमीन कोणत्या कायद्याखाली येते हे न बघता अर्ज केला जातो. झाड जिवंत असताना अर्जात 'मृत' लिहिलं जातं. लेबलवर झाडाचं नाव नसलेलं औषध चाळीस फुटांवर उडवलं जातं. अर्ज परत येतो, दंडाची नोटीस येते, आणि तोवर कीड शेजारच्या झाडावर गेलेली असते.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन टप्पे एका दिवसात होतात आणि त्यांच्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

टप्पा १ : झाड कुणाच्या हद्दीत उभं आहे ते कागदावर पाहा

कीड कोणती, हा प्रश्न नंतरचा. आधी जमीन. एकाच जातीचं, एकच कीड लागलेलं झाड जळगाव शहरात, चोपड्याच्या शिवारात आणि सातपुड्याच्या राखीव वनात असेल, तर तीन वेगवेगळे कायदे लागतात.

महापालिका व नगरपालिका हद्द : जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, नंदुरबार, शहादा अशा शहरांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागतो. इथे दोन शब्द कायम भेटतील. 'वृक्ष प्राधिकरण' ही निर्णय घेणारी यंत्रणा, आणि 'वृक्ष अधिकारी' हा पाहणी करणारा अधिकारी. झाड तुमच्या अंगणात आणि तुमच्याच मालकीचं असलं, तरी परवानगी त्यांच्याकडूनच घ्यावी लागते.

खासगी शेतजमीन : इथे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ बघावी लागते. सातबारा काढा आणि तीन गोष्टी तपासा. जमीन भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ (म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली)? झाडांची नोंद आहे का, आणि किती झाडांची? 'इतर हक्क' रकान्यात काही शर्त आहे का? काही जमिनींत सागासारख्या झाडांचा हक्क शासनाने राखून ठेवलेला असतो. अशा ठिकाणी शेत तुमचं असलं तरी झाड तुमचं नसतं. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरची झाडं विकायची असतील, तर त्यासाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. व्यापाऱ्याने परस्पर 'किडकं झाड घेतो' म्हणून केलेला सौदा त्या कायद्यात बसत नाही. नंदुरबार जिल्ह्यात हे फार घडतं आणि नुकसान खातेदाराचंच होतं.

वनजमीन : भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे 'राखीव वन' (कलम २०) आणि 'संरक्षित वन' (कलम २९) हे दोन वेगळे दर्जे आहेत. राखीव वनात कलम २६ प्रमाणे झाड तोडणं तर गुन्हा आहेच, पण फांद्या छाटणं, साल काढणं, बुंध्याभोवती सालीचं कडं काढणं हेही गुन्ह्यात येतं. म्हणून 'किडकी साल सोलून औषध लावलं' हे शेतात चांगलं काम असलं, तरी राखीव वनात परवानगीशिवाय केलं तर गुन्हा ठरतं.

अभयारण्य : यावल अभयारण्य, शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य आणि चाळीसगावकडचं गौताळा औट्रमघाट ही तिन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात. त्या कायद्याचं कलम ३२ नीट लक्षात ठेवा. अभयारण्यात वन्यजीवांना इजा होऊ शकेल असं रसायन वापरायला मनाई आहे. हद्दीच्या आतल्या मोहाला वाळवी लागली म्हणून गावकऱ्यांनी स्वतः औषध ओतू नये. वनरक्षकाला लेखी कळवावं.

सामूहिक वनहक्काचं क्षेत्र : धडगाव, अक्कलकुवा, यावल भागात ज्या ग्रामसभांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंपत्तीचा हक्क मिळाला आहे, तिथे संरक्षण आणि व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेचा आहे. कीड नियंत्रणाचा विषय आधी ग्रामसभेच्या ठरावात घ्या, मग वन विभागाला पत्र द्या. या हक्कात मोहफुलं गोळा करता येतात, मोहाचं झाड तोडता येत नाही.

रस्त्याकडेची झाडं : ही बहुधा सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीची असतात. फांदी शेतात आली म्हणून मालकी बदलत नाही.

> तपासणी : पुढे जाण्याआधी एका कागदावर लिहा : गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, जमिनीचा दर्जा, लागू कायदा, अर्ज कोणत्या कार्यालयात. यातला एक रकाना जरी रिकामा राहिला तरी थांबा.

टप्पा २ : झाडाची जात 'अनुसूचित' आहे का

१९६४ च्या कायद्याला जोडलेल्या यादीतली झाडं म्हणजे 'अनुसूचित वृक्ष'. यादी अशी : हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, फणस, खैर, चंदन, तिवस, अंजन, किंजळ, हळदू, बिजा, ऐन आणि खारफुटी.

खानदेशात यातली साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर आणि अंजन ही नेहमी लागतात. अंजनाबद्दल गैरसमज जास्त आहे. तो माळावर, खडकाळ उतारावर आपोआप उगवतो, म्हणून लोक त्याला बेवारस धरतात. तो यादीत आहे. कडुनिंब, बाभूळ, वड, पिंपळ या यादीत नाहीत, पण त्यावरून 'यांना काहीच लागत नाही' असा अर्थ काढू नका. शहरात असतील तर १९७५ चा कायदा त्यांनाही लागतो, आणि गावात सातबाऱ्यावरची नोंद व जागेची मालकी बघावीच लागते.

अनुसूचित झाडासाठी अर्ज वन विभागाकडे, म्हणजे आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात. खानदेशात जळगाव, यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोद्याचा मेवासी असे वन विभाग आहेत. तालुका आणि वन विभाग यांच्या सीमा नेहमी जुळत नाहीत, त्यामुळे अर्जावर नाव घालण्याआधी तलाठी किंवा वनरक्षकाला विचारून घ्या. बिनअनुसूचित झाडासाठी तहसील कार्यालयात विचारणा करा, आणि उत्तर लेखी घ्या.

शहरात आणखी एक शब्द आहे : 'वारसा वृक्ष'. १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, आणि ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष ठरलं. त्याच दुरुस्तीने भरपाईची लागवड तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतक्या रोपांची केली. म्हणजे ६० वर्षांचा किडलेला पिंपळ तोडायला निघालात, तर ६० रोपं लावायची आणि जगवायची तयारी हवी. हा आकडा समोर आला की बऱ्याच वेळा झाड वाचवण्याचा खर्च कमी वाटू लागतो. तो खरंच कमी असतो.

टप्पा ३ : कीड ओळखा, मगच शब्द निवडा

अर्जात आणि पंचनाम्यात चार शब्द फिरतात : 'मृत', 'रोगट', 'धोकादायक' आणि 'कीडग्रस्त'. चारही एकाच अर्जात ठोकून देण्याची सवय आहे. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला त्यातला एकही खरा दिसला नाही, तर पुढचं काही तो मान्य करत नाही.

मृत : झाडाचा कुठलाही भाग जिवंत नाही. तपासायचं असं : बारीक फांदी, जाड फांदी आणि बुंधा अशा तीन ठिकाणी नखाने किंवा चाकूने साल जराशी खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं, तर तो भाग जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल, तर तो भाग मेला आहे. बुंध्यात हिरवं असेल तर झाड मृत नाही.

ही तपासणी कडुनिंबावर हमखास चुकते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि हिवाळ्यात कडुनिंबाचे शेंडे तपकिरी पडून वाळतात, सगळं झाड भाजल्यासारखं दिसतं. हा शेंडेमर फोमॉप्सिस बुरशीमुळे होतो आणि ढेकण्या (हेलोपेल्टिस) कोवळे शेंडे शोषून तिला वाट करून देतो. बहुतेक झाडं उन्हाळ्याच्या तोंडाला नवी पालवी फोडतात. डिसेंबरात अशा झाडाला 'मृत' लिहून तोडलं, तर जिवंत झाड तोडल्याचा ठपका येतो.

सागाचंही तसंच आहे. सागाच्या पानांवर दोन अळ्या येतात. एक पान कडेपासून खाते (हायब्लिया), दुसरी शिरा सोडून बाकीचा हिरवा भाग खाते (युटेक्टोना). दुसरीमुळे पान चाळणीसारखं दिसतं. याने वाढ खुंटते, झाड मरत नाही. मोठ्या सागावर त्यासाठी फवारणी करू नका. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो ती त्याची नेहमीची पानगळ आहे.

रोगट किंवा कीडग्रस्त : झाड जिवंत आहे, पण कीड किंवा बुरशी दिसते. इथे पुरावा लिहा :

- भिरूड (आंब्याचा खोडकिडा) : खोडाला गोल छिद्रं, बाहेर भुसा आणि विष्ठा, कधी चिकट रस, वरची फांदी वाळलेली.
- वाळवी : खोडावर मातीचे पापुद्रे. पापुद्रा काढल्यावर साल शाबूत असेल, तर वाळवी फक्त मेलेली साल खातेय. खाली लाकूड पोखरलेलं असेल तरच ती गंभीर बाब.
- पिठ्या ढेकूण आणि खवले कीड : कापसासारखे किंवा टणक ठिपके, खाली चिकट गोडसर थर, त्यावर काळी बुरशी, मुंग्यांची ये-जा.
- हुमणीचे भुंगेरे : पहिल्या पावसानंतर अंधार पडला की कडुनिंब, बाभूळ, बोरीवर गोळा होतात आणि पानं कुरतडतात. सकाळी झाडावर एकही दिसत नाही, म्हणून लोक दुसऱ्याच किडीला दोष देतात.

धोकादायक : झाड किंवा फांदी माणसांवर, घरावर, तारांवर पडण्याचा खरा धोका. नुसतं 'धोका आहे' लिहू नका. कुठे झुकलंय, किती अंतरावर घर किंवा शाळा आहे, बुंध्यात पोकळी किती खोल, मुळं उघडी पडली आहेत का, हे मोजून लिहा.

यात आणखी दोन शब्द मिसळू नका. 'अधिसूचित कीड' म्हणजे शासनाने राजपत्रात जाहीर केलेली कीड. १९४७ च्या राज्याच्या कृषी कीड व रोग कायद्याखाली अशी घोषणा झाली, की जाहीर क्षेत्रातल्या जमिनीच्या भोगवटादारावर उपाय करण्याचं बंधन येतं. तुमच्या झाडावरची कीड कितीही वाईट असली, तरी घोषणा नसेल तर ती अधिसूचित कीड नाही. दुसरा शब्द 'उपद्रवी प्राणी'. तो वन्यजीव कायद्यातला आहे आणि झाडाच्या किड्यांशी त्याचा संबंध नाही.

> इशारा : झाड मुद्दाम वाळवण्यासाठी बुंध्यात तणनाशक, ॲसिड किंवा हिंग-मीठ भरणं हे कीड नियंत्रण नाही. १९७५ च्या कायद्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. म्हणून तो सरळ तोडीचा गुन्हा होतो.

टप्पा ४ : अर्ज आणि पंचनामा

अर्जात काय मागताय ते नेमकं लिहा. 'छाटणी' आणि 'तोड' या वेगळ्या मागण्या आहेत. दोन वाळक्या फांद्या काढायच्या असताना तोडीची परवानगी मागितली, तर विनाकारण मोठी प्रक्रिया गळ्यात पडते. उलट, छाटणीची परवानगी घेऊन झाड बोडकं केलं, तर ते इजा करणं ठरतं.

अर्जाचा मजकूर असा ठेवा :

"मौजे ………, ता. ………, गट क्र. ……… येथे माझ्या मालकीचे आंब्याचे एक झाड आहे. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर २१० सेंमी. बुंध्यावर जमिनीपासून दीड मीटरपर्यंत भुसा टाकणारी ११ छिद्रे असून खोडकिड्याची लागण आहे. उत्तरेकडील दोन फांद्या पूर्ण वाळल्या आहेत व घराच्या पत्र्यावर झुकल्या आहेत. उर्वरित झाड जिवंत आहे. सदर दोन वाळलेल्या फांद्यांची छाटणी करण्यास परवानगी मिळावी. बाकी झाडावर खोडकिड्याचा बंदोबस्त मी करणार आहे."

घेर मोजताना टेप जमिनीपासून १.३७ मीटरवर धरा. वन विभाग हीच उंची धरतो. गुडघ्याशी मोजलं की आकडा मोठा येतो आणि पंचनाम्यात तफावत पडते.

सोबत सातबारा किंवा मालमत्ता कराची पावती, जागेचा हातनकाशा आणि चार फोटो जोडा : पूर्ण झाड, बुंधा, किडीच्या खुणा जवळून, आणि घर किंवा रस्त्यापासूनचं अंतर. सामाईक मालकी असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या घ्या. एका भावाने अर्ज केला आणि दुसऱ्याने हरकत घेतली, की प्रकरण महिनोन् महिने पडून राहतं. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या.

शहरात तोडीच्या अर्जावर वृक्ष अधिकारी पाहणी करतो आणि हरकती मागवणारी नोटीस काढतो. ती झाडावरही लावली जाते. नोटीस फाडू नका, झाकूही नका. परवानगी आली की पत्र पूर्ण वाचा : किती झाडं, कोणत्या जातीची, कोणत्या तारखेपासून, किती मुदतीत, आणि भरपाईची लागवड कुठे. पत्रातल्या तारखेआधी कुऱ्हाड लावली तर परवानगी हातात असूनही तोड बेकायदा ठरते.

घरटी पाहा. वन्यजीव कायद्यातल्या 'शिकार' या शब्दात संरक्षित पक्ष्यांची अंडी आणि घरटी बिघडवणंही येतं. पावसाळ्यात बगळ्यांची वसाहत असलेल्या चिंचेची छाटणी पिल्लं उडून जाईपर्यंत पुढे ढकला. पंचनाम्यात तसं लिहून घ्या.

टप्पा ५ : औषध निवडताना लेबल हाच कायदा

कीटकनाशके अधिनियम, १९६८ आणि त्याचे १९७१ चे नियम इथे लागतात. कायद्याच्या भाषेत 'कीटकनाशक' या शब्दात बुरशीनाशक आणि तणनाशकही येतं. बाटलीवर पुढच्या गोष्टी नसतील तर ती घेऊ नका : नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादन आणि मुदत संपण्याची तारीख, विषाचा त्रिकोण, उतारा आणि सोबतचं माहितीपत्रक. पक्कं बिल घ्या.

त्रिकोणाचा रंग असा वाचा : लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम विषारी, हिरवा कमी विषारी. घर, शाळा, विहीर किंवा गोठ्याजवळच्या झाडासाठी लाल आणि पिवळा त्रिकोण बाजूलाच ठेवा.

'लेबल क्लेम' म्हणजे ते औषध ज्या पिकासाठी आणि ज्या किडीसाठी नोंदलेलं आहे ती नोंद. खरी अडचण इथेच आहे. सावलीच्या झाडांसाठी लेबल क्लेम असलेली औषधं फार थोडी असतात. दुकानदार कापसावरचं औषध 'याच्यावरही चालतं' म्हणून देतो. ते देऊ नये आणि घेऊ नये. त्याऐवजी आधी यांत्रिक उपाय, मग निंबोळी, आणि रासायनिक औषध लेबलवर झाड व कीड दोन्ही असतील तरच.

जुनी पत्रकं आणि फिरते मेसेज यातून येणारी ही नावं वगळा :

- एंडोसल्फान : सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या आदेशाने बंद.
- डायक्लोरव्हॉस, फोरेट, ट्रायझोफॉस : ३१ डिसेंबर २०२० नंतर वापर बंद. भिरुडाच्या छिद्रात डायक्लोरव्हॉस सोडायची जुनी शिफारस अजून फिरते. ती रद्द समजा.
- मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के : केंद्राने २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला.
- ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या, ज्यांना लोक सल्फास म्हणतात : यांचा वापर फक्त शासकीय तज्ज्ञ किंवा परवानाधारक कीड नियंत्रकाच्या देखरेखीखाली होऊ शकतो. आंब्याच्या छिद्रात अर्धी गोळी सरकवून चिखलाने बुजवण्याचा प्रकार जीवघेणा आहे. ओलाव्याने त्यातून निघणारा वायू माणसाला मारतो, आणि त्याला उतारा नाही.

शेतकऱ्यांना मोकळेपणाने करता येण्यासारखे उपाय :

भिरूड : छिद्रातला भुसा काढा, लवचिक तार आत घालून अळी बाहेर ओढा किंवा चिरडा. रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा छिद्रात दाबा आणि शेणमातीने लिंपा. आठ दिवसांनी पुन्हा पाहा. लिंपणाखालून नवा भुसा आला असेल तर अळी जिवंत आहे.

बोर्डो पेस्ट : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवा आणि मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्ल आहे, चुना वाढवा. ही पायरी सोडली तर साल भाजते. छाटणीच्या जखमा आणि बुंध्याचा खालचा मीटरभर भाग यावर पावसाळ्याआधी लावा.

५ टक्के निंबोळी अर्क : ५ किलो निंबोळी पूड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवा, गाळा, २०० ग्रॅम साबण मिसळा, पाणी घालून १०० लिटर करा. त्याच दिवशी वापरा. पिठ्या ढेकणासाठी आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुवा, मुंग्यांची वाट तोडा, मग अर्क मारा.

हुमणीचे भुंगेरे : पहिल्या चांगल्या पावसानंतर अंधार पडल्यावर फांद्या काठीने हलवा, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. एकट्याने केलेल्या कामाचा उपयोग नाही, शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करा. रस्त्याकडेच्या बाभळींसाठी ग्रामपंचायतीचं पत्र आधी घेऊन ठेवा.

टप्पा ६ : फवारणी कोण करणार

१९६८ च्या कायद्याचं कलम ३८ घरगुती वापर, परसबाग आणि स्वतःच्या वहितीखालची जमीन यांना सूट देतं. ही सूट सोसायटीच्या बागेत, शाळेच्या आवारात किंवा ठेकेदाराच्या कामात लागू होत नाही.

मोबदला घेऊन दुसऱ्याच्या आवारात किंवा जमिनीवर औषध मारणं म्हणजे नियमांच्या भाषेत 'कीड नियंत्रण कार्य', आणि ते करणारा 'कीड नियंत्रक'. त्याला परवाना लागतो. पंप पाठीवर आहे म्हणून कुणी कीड नियंत्रक होत नाही. काम देण्याआधी परवान्याची प्रत मागा, मुदत बघा, आणि कार्यादेशात औषधाचं नाव, मात्रा, तारीख व जबाबदार व्यक्तीचं नाव लिहा. 'चांगलं औषध मारून देणे' असा कार्यादेश असेल, तर अपघात झाल्यावर सोसायटीच्या हातात काहीच राहत नाही.

टप्पा ७ : फवारणीचा दिवस

- आदल्या दिवशी शेजाऱ्यांना लेखी कळवा. विहीर, पाण्याची टाकी, जनावरांची गव्हाण झाका.
- आग्या मोहोळ असेल किंवा झाड फुलोऱ्यात असेल तर फवारू नका.
- वारा असेल तर थांबा. उंच झाडावर उडवलेलं औषध दूरवर जातं. साध्या पाठीवरच्या पंपाने उंच शेंडा भिजत नाही, माणूस मात्र भिजतो.
- खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जातं. एप्रिल-मे मध्ये दुपारी साबण किंवा तेल असलेली फवारणी पानं करपवते. काम पहाटेच उरका.
- हातमोजे, तोंडावर मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या, बूट. मजूर तयार नसेल तर काम थांबवा. संरक्षक कपडे देणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे.
- लेबलवरचा थांबण्याचा काळ संपेपर्यंत झाडाखाली शेळ्या नेऊ नका. पाला तोडून घालू नका.

> इशारा : मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, लाळ, आकसलेल्या बाहुल्या ही विषबाधेची लक्षणं आहेत. १०८ वर फोन करा आणि औषधाची बाटली लेबलसह दवाखान्यात न्या. डॉक्टरांना उतारा लेबलवरूनच ठरवता येतो.

टप्पा ८ : तोडलेलं किडकं लाकूड

परवानगीने तोड झाली तरी लाकूड हलवायला वेगळा कागद लागतो. 'वाहतूक परवाना' वन विभाग देतो, आणि त्याआधी लाकडावर हातोड्याची निशाणी होते. काही जातींना या परवान्यातून सूट आहे. ती यादी वनपरिक्षेत्र कार्यालयात पाहूनच ट्रॅक्टर भरा. साग आणि खैर भरलेला ट्रॅक्टर विनापरवाना पकडला गेला, तर 'किडकं होतं' हा बचाव चालत नाही.

भिरुडाचं लाकूड वखारीत ठेवू नका. आतल्या अळ्या जिवंत असतात आणि पावसाळ्याच्या सुमारास भुंगे बाहेर पडून जवळच्या आंब्यांवर अंडी घालतात. धडगावसारख्या आमचुराच्या आंब्याच्या पट्ट्यात असं एक लाकूड पूर्ण पाड्याला त्रास देऊ शकतं. साल काढा, फाळ्या करा आणि पावसाआधी जळणात संपवा. शहरात उघड्यावर पेटवू नका. घनकचरा नियमांनी रस्त्यावर आणि मोकळ्या सार्वजनिक जागी कचरा जाळायला मनाई आहे. लाकूड स्मशानभूमीला किंवा बंद भट्टीला द्या आणि पावती ठेवा.

टप्पा ९ : रिकामे डबे, बनावट औषध आणि नोंदी

डबा तीन वेळा पाण्याने खंगाळा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता. डबा भोकं पाडून निकामी करा. १९७१ च्या नियमांप्रमाणे रिकामी वेष्टनं उघड्यावर टाकता येत नाहीत आणि धुवण जलस्रोतात जाता कामा नये. गिरणा, तापी किंवा पांझरेच्या पात्रात पंप धुणं थांबवा.

औषधाचा उपयोगच झाला नाही, तर दुकानदाराशी भांडण्याआधी उरलेली बाटली सीलबंद ठेवा आणि बिलासह तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. 'कीटकनाशक निरीक्षक' दुकानातल्या त्याच बॅचचा नमुना घेतो आणि त्याचे तीन भाग करून सील करतो. प्रयोगशाळेत घटक कमी निघाले किंवा लेबल खोटं ठरलं, तर औषध 'मिसब्रँडेड' ठरतं. तुम्ही फोडलेल्या बाटलीवरून खटला उभा राहत नाही. म्हणून बॅच क्रमांक महत्त्वाचा.

एक साधी वही ठेवा : झाडाचं ठिकाण, जात, घेर, कीड, अर्जाचा आवक क्रमांक, परवानगीची तारीख, औषध, बॅच, मात्रा, फवारणाऱ्याचं नाव, पंधरा दिवसांनंतरची स्थिती आणि फोटो. भरपाईची रोपं लावली असतील तर त्यांची उंची दर पावसाळ्याआधी आणि नंतर लिहा. पाहणीला आलेला अधिकारी सगळ्यात आधी हीच वही मागतो.